घरच्यांनी मिळून बघितलेलं जहाज आणि पोराचा एक प्रश्न

सागवान (धागाकर्ता)

तरण्या पावसाची झड लागलीय. भाताची लावणी उरकून बाबा जांबोटीकडच्या गावाहून आठ दिवस आमच्याकडं वडगावात आलेत, सासूबाईही गोकाकहून आल्यात. शनिवारी रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडून 'मास्टर अँड कमांडर' लावला. २००३ चा सिनेमा, दिग्दर्शक पीटर वेअर, कप्तानाच्या कामात रसेल क्रो. कॉलेजात असताना मी तो एकट्यानं बघितला होता. घरच्यांबरोबर बघताना तो पार वेगळाच निघाला, म्हणून हा धागा.

सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात : 'सरप्राइज' हे जहाज, २८ तोफा, १९७ माणसं, ब्राझीलचा उत्तर किनारा, एप्रिल १८०५. माझा सहावीतला पोरगा इंग्रजी अक्षरं वाचून बाबांना मराठीत आणि त्याच्या अज्जीला कन्नडात सांगत होता. दोन तास अठरा मिनिटांचा सिनेमा आम्ही तीन तास बघितला. मध्ये चिरमुरे झाले, चहा झाला, एकदा लाईट गेली.

बाबा सुतार आहेत. पन्नास वर्षं त्यांनी बैलगाडीची चाकं, दारं-चौकटी, देव्हारे केले. समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदा बघितलाय. धुक्यातून फ्रेंच जहाज येतं, पहिलाच गोळा लागतो आणि फळ्यांच्या चिरफळ्या माणसांच्या अंगावर उडतात. पोरगा तोफा मोजत होता. बाबा म्हणाले, "गोळ्यानं नाही रे, ही माणसं लाकडानं मरालीत." त्यानंतर त्यांनी चिरमुऱ्यांना हात लावला नाही. कुठलं लाकूड आहे, फळ्यांचे सांधे कसे जोडलेत, फुटलेलं सुकाणू कसं बसवणार, एवढंच विचारत होते. जहाजावर सुतार असतो हे कळल्यावर तर पाटावरून उठून खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

केप हॉर्नच्या वादळाचा प्रसंग ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल. डोलकाठी मोडते, वर चढलेला खलाशी तिच्याबरोबर समुद्रात पडतो. मोडलेली काठी दोरांनी जहाजाला अडकून राहते आणि जहाज कलायला लागतं. तो खलाशी त्या काठीकडं पोहत येतोय, आणि कप्तान दोर तोडायला सांगतो. तोडणाऱ्यांत सुताराचा मदतनीस आहे, त्या खलाशाचा जिगरी दोस्त. हातात कुऱ्हाड, समोर मित्र. सासूबाई "अय्यो पाप" म्हणून पदर तोंडाला लावून बसल्या. बाबा काही बोलले नाहीत. सिनेमा संपून अर्धा तास झाला असेल, अंथरूण घालताना म्हणाले, "त्या सुताराच्या पोरानं दोर तोडला. मी असतो तर माझ्यानं झालं नसतं."

दुसरा प्रसंग लहान अधिकारी पोराचा. बारा-तेरा वर्षांचा असेल, हाताला लागतं आणि डॉक्टरला हात कापावा लागतो. पोरगं ओरडत नाही. बाबांचं डाव्या हाताचं एक बोट १९८४ साली करवतीखाली दोन पेरं गेलंय. तो प्रसंग चालू होता तेवढा वेळ ते उजव्या अंगठ्यानं त्या थोट्या बोटाचं टोक चोळत होते. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. मी टीव्ही बघायचं सोडून तेच बघत होतो.

सगळं संपल्यावर पोरानं विचारलं, "आज्जा, इंग्रजांचं जहाज बघितलं, फ्रेंचांचं बघितलं. आपलं जहाज कसं होतं?"

घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही. बाबा म्हणाले, "मालवणचा किल्ला मी बघितलाय. जहाज काही बघितलं नाही." मी 'गुराब', 'गलबत' असे शब्द सांगितले, पण ती दिसायची कशी हे मलाही सांगता येईना. सकाळी सहाला उठलो तर बाबा परड्यात, दाराच्या चौकटीतून उरलेला सागवानाचा तुकडा पुढ्यात घेऊन बसलेले. म्हणाले, "गुराबाचं नीट वर्णन आणून दे. मी करतो."

तर जाणकारांनो, वर्णन हवंय. शिवाय असा सिनेमा तुम्ही घरच्यांबरोबर बघितला असेल तर काय झालं तेही लिहा.

वेंगुर्ला_रोड

सुंदर लिहिलंय. बाबांना नमस्कार सांगा.

एक गोष्ट पोराला जरूर सांगा. बेळगावात हिंडलग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आपण वेंगुर्ला रोड म्हणतो ते उगाच नाही. रेल्वे यायच्या आधी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल आंबोलीचा घाट चढून आपल्याकडं यायचा, इथल्या छावणीचं सामानसुद्धा. समुद्र आपल्याला लांब वाटतो, पण आपल्या घरापुढनं जाणारा रस्ता बंदरावरच संपतो. शिनोळी, चंदगडचा फाटा, आंबोली, सावंतवाडी, आणि मग वेंगुर्ला. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथं.

चिक्कोडीची_लेक

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बघितला होता, माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. हात कापतात तो प्रसंग आणि डॉक्टर आरसा धरून स्वतःच्याच पोटातली गोळी काढतो तो, हे दोन्ही लहान मुलांना सोसत नाहीत. तिनं रात्री दोनदा उठून माझा हात चाचपून बघितला. दहाच्या खालचं मूल असेल तर तेवढा भाग पुढं ढकला.

गालापागोस बेटांचा भाग मात्र मुलांना पुन्हा पुन्हा दाखवावा असा आहे. डॉक्टरला बेटावरचे प्राणी बघायचे असतात, कप्तानाला शत्रूच्या मागं जायचं असतं, आणि दिलेला शब्द मोडला म्हणून दोघा मित्रांत ठिणगी उडते. माझ्या मुलीला पूर्ण सिनेमात तेवढंच भांडण खरं वाटलं. "त्यांनी प्रॉमिस केलं होतं की," असं ती आठवडाभर म्हणत होती. आणि काडीसारखा दिसणारा किडा! त्या किड्यावरून कप्तानाला जहाजाचं सोंग बदलायची युक्ती सुचते. परवा आमच्या तुळशीत तसला किडा सापडला तर तिनं आजीला ओढत नेऊन दाखवला.

निपाणी_१९५६

लेखन आवडलं. पण मनातलं बोलतो, राग मानू नका.

मी हा सिनेमा वडिलांबरोबर बघायला बसलो आणि अर्ध्यावर बंद केला. सिनेमा वाईट म्हणून नाही. त्यात इंग्रज जहाज जिंकावं असं वाटायला लागतं, तशीच त्याची रचना आहे, आणि मला ते जमेना. याच इंग्रजांच्या आरमारानं फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचा ताफा जाळला. ॲडमिरल वॉटसन समुद्राकडून, क्लाईव्ह जमिनीवरून. एक गोळा एका जहाजावर पडला, आग पसरत गेली आणि बंदरात एकमेकांना बांधून उभी केलेली सगळी जहाजं भस्म झाली. तुमच्या पोरानं आपलं जहाज कसं होतं विचारलं ना? ते दाखवायला शिल्लक का नाही, याचं एक उत्तर हे आहे. पुढं १८१८ मध्ये बेळगावचा किल्लाही त्यांनीच घेतला. त्यांच्या शौर्याला टाळी वाजवताना माझा हात उचलत नाही.

सागवान

राग कसला? तुमचं बरोबर आहे. माझ्या घरात टाळी कुणी वाजवली नाही, खरं सांगतो. बाबांना इंग्रज-फ्रेंच यात काडीचा रस नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की लाकडाच्या डब्यात १९७ माणसं वर्षभर कोंडलीत आणि ती फुटेल तसा तो डबा दुरुस्त करताहेत. पण विजयदुर्गाचं पोराला सांगणार. हे आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार?

डेकहँड_निवृत्त

तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून आता अनगोळात घर केलंय. सिनेमातलं जहाजपण जवळून बघितलंय. ते मूळ 'रोज' नावाचं, १९७० मध्ये जुन्या धर्तीवर बांधलेलं जहाज. सिनेमासाठी विकत घेऊन त्याचं 'सरप्राइज' केलं. आता सॅन दिएगोच्या सागरी संग्रहालयात धक्क्याला असतं. वादळाची दृश्यं मेक्सिकोत समुद्राकाठी बांधलेल्या प्रचंड टाकीत घेतलीत. ध्वनी आणि छायाचित्रण अशी दोन ऑस्कर मिळाली, त्यातलं ध्वनीचं माझ्या दृष्टीनं जास्त मोलाचं. डोळे मिटून बघा. लाकडाचं कुरकुरणं, दोर ताणल्यावर येणारा आवाज, पायाखाली पाण्याचा घुमारा. लोखंडी जहाजावर वेगळं असतं, तरी मला झोपेत ऐकू येतं ते हेच.

बाबांसाठी दोन गोष्टी. पहिली : शिडाच्या जहाजाला वारा ज्या अंगानं येतो तो अंग धरून राहणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेलं जहाज पाहिजे तेव्हा चाल करून येतं, खालच्याला वाट बघत बसावं लागतं. सिनेमात कप्तान सारखा वाऱ्याकडं बघतो तो यासाठी. दुसरी : जहाजाची मागची बाजू सगळ्यात नाजूक. तिथं खिडक्या असतात, लाकूड पातळ. मागून मारलेला गोळा जहाजाच्या लांबीभर पार नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत जातो. म्हणून मागं जाऊन उभं राहण्यासाठी एवढी धडपड.

लाकडाचं विचारलं होतं. इंग्रजांची जहाजं ओकची. पण तेच इंग्रज पुढं आपल्या सागवानाच्या मागं लागले, कारण ओक लवकर कुजायचा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाचं 'त्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज बांधलं, १८१७ मध्ये ते पाण्यात सोडलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. बाबांना सांगा, तुमचं लाकूड दोनशे वर्षं झाली तरी पाण्यावर आहे.

सागवान

हे वाचून दाखवलं. बाबा हातातला रंधा खाली ठेवून म्हणाले, "पुन्हा वाच." दोनदा वाचून घेतलं.

इतिहास_तास (खानापूर)

शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून जरा विस्तारानं लिहितो. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट देऊ नये.

आधी गुराब. अठराव्या शतकात आंग्र्यांची जहाजं बघितलेल्या इंग्रजांनी वर्णनं करून ठेवलीत, ती सुताराला कामाला येतील अशी आहेत. गुराब लांबीच्या मानानं रुंद. बहुतेकांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. दोन काठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० टनांच्या आसपास. मध्यापासून पुढं ती निमुळती होत जाते. आणि मुख्य खूण अशी, की युरोपी जहाजासारखी वर उचललेली गोलसर नाळ तिला नसते. पुढं लांब चोचीसारखा भाग निघालेला असतो आणि त्याची फळी मुख्य डेकच्या पातळीतच असते. त्या चोचीला कठडा नसतो, दोन्ही बाजू उघड्या. कारण अशी गुराब लाटांत पुढून फार आपटते. चोचीवर चढलेलं पाणी दोन्ही अंगांनी वाहून गेलं पाहिजे. चोच आणि डेक यांच्यामध्ये आडवी भिंत, तिला दोन भोकं, त्यातून दोन मोठ्या तोफा थेट पुढं मारा करतात. बाकीच्या लहान तोफा बाजूंना.

गलबत म्हणजे त्याच धर्तीची लहान, हलकी नाव. फार तर ७० टन, आणि ४० ते ५० वल्ही. वारा पडला तरी ती तासाला चार मैल चालायची. आता सिनेमा आठवा. सुकाणू उडाल्यावर 'सरप्राइज' काय करतं? खलाशी होड्यांत उतरतात आणि वल्ही मारत मोठ्या जहाजाला दोरानं ओढत धुक्यात नेतात. बाबांनी बघितलेलं हेच दृश्य आंग्र्यांचा रोजचा डाव होता, उलट्या अंगानं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या जहाजामागं नेऊन उभी करायची. शत्रू जागचा हलू शकत नाही, त्याच्या तोफा बाजूंना, आणि गुराबीच्या मोठ्या तोफा नाकासमोर. वर डेकहँड यांनी मागची बाजू नाजूक असते म्हणून सांगितलं, ते इथं जोडून वाचा. चोच तशी का होती हे आपोआप कळेल.

हे नुसतं आंग्र्यांपासून चालू झालं असंही नाही. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदी चालू केली. मुंबईकर इंग्रजांनी अडवायला जहाजं पाठवली. आपल्या लहान नावा त्यांच्या हाती लागल्या नाहीत, रात्री-अपरात्री बेटावर सामान पोचत राहिलं आणि किल्ला उभा राहिला. आरमारावर दौलतखान होते. पुढं १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली, तीही फसली. १७२९ मध्ये वारले तोवर कान्होजींना त्यांच्यापैकी कुणी नमवू शकलं नाही.

निपाणीकरांनी १७५६ चं लिहिलं ते खरंच. पण मुलांना सांगताना तो प्रसंग पुरा सांगा. त्या स्वारीत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. मी वर्गात हे सांगतो तेव्हा दोन मिनिटं कुणी बोलत नाही. ती शांतता मला हवी असते.

आणि आपल्या सीमाभागातल्या घरांसाठी एक. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं घेऊन निघाले ते थेट बसरूरला. बसरूर आजच्या उडुपी जिल्ह्यात. तिथून गोकर्ण, अंकोला, कारवार. महाराजांचा समुद्रावरचा मोठा प्रवास झाला तो कर्नाटकाच्या किनाऱ्यावर. गोकाकच्या अज्जींना हे त्यांच्या भाषेत सांगा. समुद्र दोन्ही भाषांचा आहे.

निपाणी_१९५६

पेशव्यांचं ठाऊक होतं. लिहायला हात धजला नाही. सर, लिहिलंत ते बरं केलंत.

सिनेमा मी तरीही पुन्हा लावणार नाही. पण गुराब झाली की फोटो टाका. त्यासाठी रोज धागा उघडून बघेन.

वेंगुर्ला_रोड

विजयदुर्गाला गेलात तर नुसता किल्ला बघून फिरू नका. गिर्ये गावाजवळ वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांच्या काळची गोदी आहे, खडकात खोदलेली. जहाज भरतीला आत घ्यायचं आणि दुरुस्त करायचं. तुमच्या बाबांना किल्ल्यापेक्षा तिथं जास्त वेळ लागेल. सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा दसऱ्यानंतरच बेत करा.

सागवान

आज सहावा दिवस. बाबांनी गावी परत जायचं पुढं ढकललंय.

सरांचं वर्णन यायच्या आधीच त्यांनी सिनेमात बघितल्यासारखी वर उचललेली नाळ कोरली होती. वाचून दाखवल्यावर पाच मिनिटं तुकडा फिरवून फिरवून बघितला, मग पटाशी घेतली आणि दोन दिवसांचं काम छाटून टाकलं. चोच डेकच्या पातळीत आणली. "पाणी जायला वाट पाहिजे, बरोबर आहे. कौलांच्या पन्हाळीचं तेच की," म्हणाले. दोन वीत लांब झालीय. डोलकाठ्या दोन. सासूबाईंनी शिडासाठी जुन्या इरकलीचा पदर काढून दिला होता, पण बाबांना शीड पांढरंच पाहिजे होतं. गल्लीतल्या विणकर शेजाऱ्यांनी मागावरची कोरी पट्टी फाडून दिली. इरकलीतून सासूबाईंनी झेंड्याएवढा तुकडा ठेवून घेतलाय. त्यांना बसरूरचं सांगितलं. बसरूर त्यांना ऐकून माहीत आहे, गोकर्णाला त्या दोनदा जाऊन आल्यात. "अल्लिगे बंदिद्रा?" असं दोनदा विचारलं, म्हणजे महाराज तिथं आले होते का. पोरगा म्हणाला, हौदु, हडगिनल्ली. जहाजातून.

पोराला गलबत हवंय, कारण त्याला वल्ही मोजायची आहेत. उदबत्तीच्या काड्या जमवून ठेवल्यात, चव्वेचाळीस झाल्यात.

डेकहँड_निवृत्त

फोटो बघितला. काम देखणं झालंय. मागची डोलकाठी मात्र उंच वाटते, शीड चढवलं की वरचं वजन जास्त होईल. पाण्यात सोडून बघा.

सागवान

सोडली. परड्यातल्या धुण्याच्या टाकीत, पाऊस थांबल्यावर, घरातली सगळी भोवती उभी. तरंगली. पण डावीकडं कलतेय, तुमचं बरोबर निघालं. बाबांनी पाण्याची रेघ जिथं लागली तिथं पेन्सिलीनं खूण करून घेतलीय. उद्या काठी बोटभर उतरवणार, आणि तरीही कलली तर उजव्या बाजूला आत थोडं शिसं घालणार.